घडीची बॅटरी सायकल घेण्याआधी

(खारदांडा इथल्या महिला बचत गटाने सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

आम्ही खारदांड्याच्या बायका बोलतोय. मुंबईत वांद्र्याला लागून, दर्याच्या काठावर आमचा कोळीवाडा आहे. आमच्यातल्या बऱ्याचजणी म्हावरं विकतात, काही घरकामाला जातात, आणि पोरी आता शिकून हॉस्पिटलात, ऑफिसात, दुकानांत नोकरीला लागल्यात. आज मात्र म्हावऱ्याचं बोलायचं नाही. आमच्या गटाकडे एका पोरीने कर्जाचा अर्ज केला. शिवणयंत्रासाठी नाही, फ्रिजसाठी नाही, तर घडी होणाऱ्या बॅटरीच्या सायकलीसाठी. रक्कम पंचेचाळीस हजार.

पहिल्या बैठकीत अर्ध्या बायका हसल्या. सायकल ती, आणि तिची घडी घालून गाडीत घेऊन जायचं? पण पैसा सगळ्यांचा, म्हणून हसून सोडून देता येईना, आणि नुसतं हो म्हणूनही चालेना. मग आम्ही चारजणींनी ठरवलं की दुकानं फिरायची, माणसांना विचारायचं, स्टेशनवर जाऊन बघायचं आणि मग बोलायचं. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. तुमच्याकडेही डहाणू, कसारा, कर्जतच्या लोकलने पोरी रोज शहरात जातात. असा अर्ज आज ना उद्या तुमच्या गटापुढेही येईल.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. दिसायला लहान चाकांची सायकल. मधोमध दांड्याला बिजागरी असते, हँडलही खाली पडतं, सीट आत सरकते, आणि सायकल निम्मी होऊन बसते. चाकात मोटर, दांड्यात किंवा सीटखाली बॅटरी. पायडल मारलं की मोटर मदत करते, म्हणजे मागून कुणी हलकं ढकलतंय असं वाटतं. काहींना स्कूटरसारखी पिळायची मूठही असते. मोटर २५० वॉटच्या आतली असेल आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत थांबत असेल, तर कायदा तिला सायकलच धरतो. नंबर प्लेट नको, लायसन्स नको, विम्याची सक्ती नाही. दुकानदार जर म्हणाला की ताई, आमची मोटर दुप्पट ताकदीची आहे, चाळीसने पळते, तर ती सायकल नव्हे, ते मोटार वाहन झालं, आणि त्याचे कागद नसतील तर पोलिसासमोर उभी तुमची पोर राहणार, दुकानदार नाही. बिलावर मोटरचे वॉट लिहून घ्या.

आता आम्ही सगळ्यात आधी काय विचारलं? किंमत नाही, बॅटरी नाही. आम्ही विचारलं, बाय, तुला सायकल कुठे कुठे चालवायचीय?

कारण घडीच्या सायकलीचा फायदा एकाच परिस्थितीत आहे. घरापासून स्टेशन लांब आणि उतरल्यावर कामाची जागाही स्टेशनपासून लांब, अशी दोन्ही टोकं लांब असली तरच सायकल गाडीत घेऊन जाण्यात अर्थ. एकच टोक लांब असेल तर घडीची गरजच नाही. सफाळ्याला आमच्यातल्या एकीची नणंद राहते. गाव स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटर, आणि विरारला उतरल्यावर तिचं काम स्टेशनसमोरच. तिने आमचं ऐकून हीच सायकल घ्यायची तयारी केली होती. आम्ही तिला म्हटलं, अगं, तुला सायकल गाडीत न्यायचीच कशाला? स्टेशनजवळ पैसे देऊन सायकल ठेवायची सोय असेल तर साधी, मोठ्या चाकांची सायकल घे, बॅटरीची हवी तर बॅटरीची घे, पण न घडी होणारी. तेवढ्याच पैशांत ती मजबूत मिळते, खड्ड्यांना टिकते, मागे कॅरिअरवर तांदळाची पिशवी राहते. बॅटरी काढून सोबत न्यायची, म्हणजे चोरीची भीतीही कमी. शाळेत जाणाऱ्या पुष्कळ मुलींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्यात. शाळा संपली की ती सायकल घरात पडून असते. आधी तिला हवा भरून बघा, निम्म्यांचं काम तिच्यावरच होईल.

आमच्या अर्जदार पोरीची मात्र दोन्ही टोकं लांब. दांड्यातून खार रोड स्टेशन साधारण दोन किलोमीटर. तिथून लोकलने अंधेरी, आणि अंधेरी पूर्वेला उतरून पुढे चार किलोमीटरवर हॉस्पिटल. ती तिथे दुपारपाळी करते. दुपारी दोनला लागते, रात्री दहाला सुटते. म्हणजे तिच्यासाठी निदान विचार करण्यासारखं होतं.

दुसरा प्रश्न वजनाचा. इथे आम्ही जास्त वेळ थांबलो, आणि तुम्हीही थांबा. दुकानात सायकल जमिनीवर उभी असते, चकचकीत असते, तिथे वजन कळत नाही. साधी, बिनबॅटरीची घडीची सायकल बारा ते पंधरा किलो भरते. बॅटरीची सोळा-सतरापासून पुढे, आणि जाड टायरची असेल तर पंचवीसच्या आसपास. हे आकडे डोक्यात राहत नाहीत, म्हणून घरातलं माप सांगतो. तुमचा घरगुती गॅसचा सिलिंडर रिकामा असताना साधारण पंधरा-सोळा किलोचा असतो. भरलेला तीसच्या जवळ. म्हणजे हलक्यातली हलकी बॅटरीची घडीची सायकल ही रिकाम्या सिलिंडरहून थोडी जड, आणि जाड टायरवाली ही जवळजवळ भरलेल्या सिलिंडरकडे झुकणारी. आता रिकामा सिलिंडर एका हातात घेऊन स्टेशनचा पूल रोज दोनदा चढाल का, हे स्वतःला विचारा.

आमच्या एका म्हाताऱ्या आयेने यावर नाक मुरडलं. ती म्हणाली, आम्ही उभा जन्म डोक्यावर पाट्या घेतल्या, सतरा किलोचं काय कौतुक? खरंय. पण डोक्यावरचा भार मानेवरून सरळ खाली पाठीत उतरतो, दोन्ही हात मोकळे राहतात, चाल बिघडत नाही. घडी घातलेली सायकल एका बाजूला लोंबते, तिचं पायडल पोटरीला लागतं, आणि दुसऱ्या हातात पर्स, डबा, छत्री असते. दोन्ही भार सारखे नाहीत.

म्हणून आम्ही एक युक्ती केली. सायकल घेण्याआधी पोरीला सतरा किलो तांदूळ एका जुन्या प्रवासी बॅगेत भरून दिले आणि सांगितलं, तीन दिवस हे घेऊन कामाला जा. घरातल्या शिडीवरून उतरव, स्टेशनच्या पुलावर चढव, गाडीत घे, अंधेरीला उतरव, परत आण. पहिल्या दिवशी ती चिडली. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की अंधेरीला सरकत्या जिन्याकडून गेलं तर सोपं पडतं, आणि खारला पुढच्या डब्यात चढण्यापेक्षा जिन्याजवळच्या डब्यात चढलं तर फलाटावर ओढत न्यावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, जमेल, पण याच्यावर एक किलोही नको. हे उत्तर आम्हाला कुठल्याही दुकानात मिळालं नसतं, आणि खर्च शून्य. तांदूळ नंतर शिजवून खाल्ले.

तुमच्याकडे असंच करा. फक्त सायकलीचं खरं वजन दुकानात काट्यावर करून घ्या, छापील कागदावर जाऊ नका. कागदावरचं वजन कधी कधी बॅटरी सोडून लिहिलेलं असतं.

आता गाडी. आमच्याकडच्या लोकलचं तुम्हाला सांगायला नको. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात, असं रेल्वेचंच माप आहे. खारला गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, बायकांचे राखीव डबे तर त्याआधीपासूनचे, तरीही सकाळी नऊला चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत चढायला कसरतच लागते. अशा गाडीत निम्म्या आकाराची सायकल घेऊन चढणं म्हणजे पाच बायकांच्या शिव्या खाणं, आणि एखादीच्या पायाला जखम करणं. आमच्या गल्लीतली दुसरी एक मुलगी लोअर परळला नऊच्या गाडीने जाते. तिनेही सायकल मागितली. तिला आम्ही स्पष्ट सांगितलं की तुझ्या वेळेला, तुझ्या दिशेला ही सायकल चालणार नाही. शिवाय तिचं ऑफिस स्टेशनपासून पायी दहा मिनिटं. ती रुसली, पण तिचे पैसे वाचले.

हॉस्पिटलवालीचं वेगळं. ती दुपारी बाराच्या पुढे निघते, चर्चगेटच्या उलट दिशेला जाते, आणि रात्री साडेदहाला परतते. त्या वेळेला डब्यात पाय ठेवायला जागा असते. तीही सायकल दाराजवळ ठेवत नाही. दोन बाकांच्या मध्ये किंवा टोकाच्या भिंतीला लावून धरते, आणि वर कापडी खोळ घालते. ही खोळ आमच्याच एकीने जुन्या चादरीची शिवून दिली. चेनचं तेल दुसरीच्या साडीला लागलं की भांडण ठरलेलं, खोळीने ते टळतं. आणि खोळ घातली की ती सामानासारखी दिसते, लोक फार बघत नाहीत.

लगेज डब्याचं काय, असं तुम्ही विचाराल. तो डबा आम्हा कोळणींचा जुना सोबती. पण तो माल घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे, त्याचं तिकीट आणि पास वेगळा, आणि तिथे बर्फाचं पाणी आणि म्हावऱ्याच्या पाट्या असतात. मोटरच्या वायरी असलेल्या सायकलीला ते पाणी मानवत नाही. तुमच्या स्टेशनवर सायकल न्यायचा विचार असेल तर स्टेशन मास्तरांना किंवा सामानाच्या खिडकीवर आधी विचारून घ्या, आणि बॅटरीची आहे हे लपवू नका. मेट्रोचं आमच्याकडे सोपं झालंय. दहिसर ते डी. एन. नगर आणि दहिसर ते अंधेरी पूर्व या दोन मार्गांवर मेट्रोने सायकल डब्यात न्यायला मोकळीक दिली, तिथे लिफ्टही आहेत. ज्यांच्या पोरींचा रस्ता त्या बाजूने जातो त्यांना लोकलपेक्षा ते बरं.

बॅटरी सोबत गाडीत नेणं ही गंमत नाही, हे मात्र समजून घ्या. लंडनमध्ये २७ फेब्रुवारी २०२५ ला रेनर्स लेन नावाच्या स्टेशनवर फलाटावरच एका बॅटरी सायकलीने पेट घेतला. त्यानंतर ३१ मार्चपासून तिथल्या भुयारी रेल्वेत घडी न होणाऱ्या बॅटरी सायकली न्यायला बंदी आली. घडीच्या सायकली मात्र चालू ठेवल्या. कारण त्या बहुतेक कंपनीनेच बॅटरी बसवून बनवलेल्या असतात, आणि मागाहून बसवलेल्या बॅटऱ्यांचा धोका जास्त धरला गेला. म्हणून आमचं ठाम मत असं की साध्या घडीच्या सायकलीला कोपऱ्यावरच्या माणसाकडून मोटर आणि बॅटरी बसवून घेण्याच्या फंदात पडू नका. दहा-पंधरा हजार वाचतात हे खरं, पण ती बॅटरी गर्दीच्या डब्यात शंभर बायकांच्या मध्ये असणार आहे.

आता दुकानात काय बघायचं. एका दुकानात आम्ही पाचजणी गेलो, तर दुकानदार सगळं बोलणं सोबत आलेल्या भावाशी करत होता. पैसे आमचे, सायकल पोरीची, आणि समजावतोय त्याला, जो ती कधी चालवणार नाही. आम्ही तिथून उठलो. दुसऱ्या ठिकाणी एका बाईने सायकल पोरीच्या हातात दिली आणि सांगितलं, घाल घडी. हेच करून बघायचं असतं. घडी दुकानदाराने घालून दाखवायची नाही, जिला चालवायचीय तिने घालायची, एकदा नाही, पाच वेळा. मिनिटाच्या आत झाली पाहिजे. बिजागरीचा खटका घट्ट बसतो का, त्याला दुसरी कडी आहे का, ते बोटाने बघा. चालवताना तो सुटला तर सायकल मधोमध मोडते. आणि घडी घातल्यावर ती फलाटावर ढकलत नेता येते का? काही सायकली घडी होऊन आपल्याच चाकांवर गडगडतात, काहींना मात्र उचलूनच न्यावं लागतं. आमच्या मते हा फरक पाच हजार रुपयांचा आहे.

लंडनमध्ये बनणारी ब्रॉम्प्टन नावाची घडीची सायकल जगभर नावाजलेली आहे, सोळा इंची चाकं, घडी अगदी आटोपशीर. तिची बॅटरीवालीही निघते. पण किमतीत आमचा गट बसणार नाही, तुमचाही बसणार नाही, म्हणून ती बघून सोडून द्यायची. पुण्याच्या ईमोटोराड कंपनीची डूडल नावाची घडीची बॅटरी सायकल आहे, तिला चार इंच रुंद टायर. रस्त्यावर ऐसपैस चालते, खड्डे जाणवत नाहीत. पण आमच्या पोरीला ती पुलावर चढवायची होती. गाडीच्या डिकीत टाकून नेणाऱ्यांसाठी ती ठीक. डेकॅथलॉनमध्ये बिनबॅटरीची घडीची सायकल मिळते. ती तरुण पोरीने दोन-तीन किलोमीटरसाठी घेतली तर बॅटरीची काही गरज नाही. चढ नसेल, अंतर थोडं असेल, तर बॅटरी म्हणजे उगाच ओझं आणि उगाच पैसा. हे दुकानदार सांगणार नाही.

चाक वीस इंची असावं, असं आमचं मत. सोळा इंची चाक खड्ड्यात आत जातं, आणि तुमच्या गावचा रस्ता आमच्याहून बरा असेल असं काही नाही. वीस इंचाचा आणखी एक फायदा म्हणजे मुलांच्या सायकलीला लागतात त्याच मापाच्या ट्यूब तिला चालतात, त्या तालुक्याच्या गावीही मिळतात. मोटर असलेल्या चाकाचं पंक्चर काढताना वायर सुटी करावी लागते. ती वायर जोडापाशी हाताने सुटते का, हे विचारा. नाहीतर पंक्चरवाला हात लावत नाही आणि पोर अर्ध्या रस्त्यात उभी.

आणि साडीगार्ड! या सायकली बनवणाऱ्यांनी बाई साडी किंवा ओढणी घेऊन बसते याचा विचारच केलेला नसतो. बसायला सोपं, कारण मधला दांडा खाली असतो, पाय उंच करावा लागत नाही. पण मागच्या चाकाला जाळी नाही, चेनला झाकण अर्धवट. आम्ही सायकलच्या जुन्या कारागिराकडून पातळ पत्र्याची जाळी बसवून घेतली. वजन जेमतेम वाढलं. हे काम सायकल घेतल्याच्या दिवशीच करून घ्या, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

बॅटरीचा हिशोब अवघड नाही. बॅटरीवर व्होल्ट लिहिलेले असतात आणि अ‍ॅम्पिअर-अवर. दोन्हींचा गुणाकार करायचा. छत्तीस व्होल्ट आणि सात पूर्णांक आठ अ‍ॅम्पिअर-अवर म्हणजे दोनशे ऐंशी. पायडल मारत चालवलं तर किलोमीटरला दहा ते बारा धरायचे. म्हणजे तेवीस ते अठ्ठावीस किलोमीटर. नुसती मूठ पिळत चालवलं तर यातलं पुष्कळ कमी होतं. कंपनी चाळीस-पन्नास लिहीत असेल तर ते सपाट रस्त्यावर, हलक्या माणसाला धरून, पायडल जोरात मारून. आमच्या पोरीचं रोजचं अंतर जाऊन-येऊन बारा किलोमीटर. तिला ही लहान बॅटरी दोन दिवस पुरते. दुकानात तिला दुप्पट मोठी बॅटरी घ्यायला लावत होते. दीड-दोन किलो वजन वाढणार, पैसे वाढणार, आणि ते जास्तीचे किलोमीटर ती कधी चालवणारच नाही. विजेचं म्हणाल तर अशी बॅटरी तीनदा भरली तरी साधारण एक युनिट जळतं, त्याची काळजी नको. काळजी नव्या बॅटरीच्या किमतीची करा. काही वर्षांनी ती बदलावी लागणारच. आजच विचारा, ही बॅटरी सुटी मिळते का, केवढ्याला, आणि वॉरंटी किती महिन्यांची. उत्तर गोलमाल आलं तर सायकल कितीही सुंदर असो, सोडा.

घरात चार्जिंग कुठे करायची, यावर आमच्याकडे वादच झाला. दांड्यातली घरं लहान, एकावर एक, दार एकच. रात्री झोपताना दाराशी चार्जिंगला लावून ठेवायची सवय असते तशी ही बॅटरी लावायची नाही. काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच. पोर सकाळी, घरात कुणी जागं असताना, खिडकीजवळ फरशीवर ठेवून भरते. गादीवर नाही, कपड्यांच्या ढिगाजवळ नाही. चार्जर कंपनीचाच. बॅटरी आपटली, फुगली किंवा पाण्यात भिजली तर चार्जिंगला लावायचीच नाही, दुकानात न्यायची.

पावसाचं आणि खाऱ्या वाऱ्याचं आमच्याकडे जास्त. वलांडीवर बोंबील सुकतात त्याच वाऱ्याने लोखंड खाऊन टाकतं. चेनला आठवड्याला तेल, बिजागरीला पुसून ग्रीस, वायरींचे जोड कोरड्या फडक्याने पुसणं, एवढं तिला करावं लागतं. डहाणू, पालघरच्या किनारी गावांनाही हे लागू. पावसात हलक्या सरीत सायकल चालते, पण साचलेल्या पाण्यातून काढायची नाही. चाकातली मोटर पाण्यात बुडाली की संपलं. अंधेरी सबवे पाण्याने भरतो तेव्हा ती सायकल घरीच ठेवते आणि बसने जाते. जून ते सप्टेंबरमध्ये असे दिवस धरूनच हिशोब करा.

हिशोबाचंच सांगतो, कारण कर्ज त्यावर ठरलं. मुंबईत रिक्षाचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून सव्वीस रुपये, दीड किलोमीटरपर्यंत, पुढे किलोमीटरला सतरा रुपयांच्या वर. घर ते स्टेशन दोन किलोमीटरचे पस्तीस, अंधेरी ते हॉस्पिटल चार किलोमीटरचे एकोणसत्तर. जाताना-येताना दोन्ही वेळ रिक्षा केली तर दिवसाला दोनशेच्या वर, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर बावन्नशे. त्या हिशोबाने पंचेचाळीस हजार नऊ महिन्यांत वसूल. दुकानदार हाच हिशोब दाखवतो. पण आमची पोर चारही वेळा रिक्षा करतच नव्हती! बेस्ट बसचं किमान भाडं ९ मे २०२५ पासून दहा रुपये झालं, तरी चार बसचे चाळीसच. महिन्याला हजार. त्या हिशोबाने सायकलीचे पैसे सुटायला पावणेचार वर्षं, तोवर बॅटरी बदलायची वेळ यायची. खरं काय होतं? जाताना ती बसने जायची, आणि रात्री साडेदहानंतर बसची वाट बघत एकटीने उभं राहायचं नको म्हणून येताना रिक्षा. दिवसाला एकशे चोवीस, महिन्याला एकतीसशे. म्हणजे चौदा-पंधरा महिने. तुमच्या पोरीचा हिशोब करताना ती आज खरोखर किती खर्च करते ते महिनाभर वहीत लिहायला लावा, आणि मगच आकडेमोड करा.

यात पैशाबाहेरची एक गोष्ट होती. रात्री अंधेरीला रिक्षावाले तिला नाही म्हणायचे, कधी तीन-चार रिक्षा सोडाव्या लागायच्या. घरी आई दारात उभी. या कारणाने मागच्या वर्षी तिच्या वडिलांनी नोकरी सोड म्हटलं होतं. आमच्या बैठकीत हे कुणी मोठ्याने बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं, आणि मत देताना ते मनात होतं. रात्रीसाठी पुढे-मागे चांगले दिवे आणि हेल्मेट आम्ही अटीतच घातलं. कायदा मागत नसला तरी आम्ही मागतो.

शेवटी वीस इंची चाकांची, सतरा किलोंच्या आतली, बॅटरी निघणारी सायकल ठरली. आणि हप्ते असे बांधले की १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत, नुसतं व्याज भरायचं. पोरीचा पगार येतो, पण त्या दिवसांत घर तिच्याच पगारावर चालतं. तुमच्याकडे याच महिन्यांत बी-बियाण्याला पैसा जातो, तेव्हा हप्त्याचं असंच काहीतरी बसवता येईल.

आमच्या स्वतःच्या पाट्यांना ही सायकल काही उपयोगाची नाही, हेही सांगून टाकतो, कारण काही गावांतून तशी विचारणा आली. म्हावऱ्याची किंवा भाजीची पाटी तिच्यावर बसत नाही, तोल जातो. मालासाठी हातगाडी, टेम्पोच बरा.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी असताना साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेड्यातल्या बायकांना सायकल शिकवली गेली होती. खडी फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायका सायकलवर कामाला जाऊ लागल्या. आम्हाला हे या चौकशीत कळलं. आमच्या गटात चाळिशीपुढच्या एकीलाही सायकल येत नव्हती. आता रविवारी, हॉस्पिटलवालीची सुटी असते तेव्हा, भरती नसेल तर जेट्टीजवळच्या मोकळ्या जागेत शिकणं चालू आहे. सीट खाली करता येतं, मधला दांडा आडवा येत नाही, त्यामुळे लुगडं नेसलेल्या दोघीही बसल्या. मोटर बंद ठेवूनच शिकवतो. आठ दिवसांत तिघीजणी आधाराशिवाय चालवू लागल्यात, चौथीला अजून वळता येत नाही.